लिनक्स कर्नलचं वेळापत्रक कसं ठरलं

लिनक्स कर्नलची (म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या मूळ भागाची) नवी आवृत्ती आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असं कुणी सुचवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

तेव्हा क्रमांकावरूनच सगळं कळायचं. दुसरा आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. वापरायला २.२, उचापती करायला २.३. कागदावर हे छानच होतं. पण २.२ आली जानेवारी १९९९ मध्ये, २.४ जानेवारी २००१ मध्ये आणि २.६ थेट डिसेंबर २००३ मध्ये. आपलं काम या खेपेला राहिलं तर पुढची संधी दोन-तीन वर्षांनी, हे माहीत असल्यावर कोण थांबेल? नव्या गोष्टी घेणं बंद, असं जाहीर झाल्यावरही ‘एवढं तेवढं घ्या’ चालूच राही आणि तारीख आणखी लांबे. म्हणजे उशीरच उशिराला कारण.

बरं, स्थिर म्हणवणारी आवृत्ती तरी स्थिर होती का? सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० मध्ये कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी मेमरी सांभाळणारा गाभाच बदलला. चालत्या गाडीचं इंजिन काढून दुसरं बसवावं तसं. २.५ ची प्रयोगशाखा तर तोवर उघडलीही नव्हती. डिस्ट्रो, म्हणजे कर्नलला बाकीची सॉफ्टवेअर जोडून तयार लिनक्स, बनवणाऱ्यांनाही वाट पाहणं परवडेना. २००३ च्या ‘रेड हॅट लिनक्स ९’ ने थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) हाताळणारा नवा कोड २.५ मधून उचलून आपल्या २.४ वर चढवला. नावाला सगळे २.४, प्रत्यक्षात ज्याचा त्याचा वेगळा.

जुलै २००४ मध्ये ओटावाला कर्नल समिट या विकसकांच्या बैठकीत ठरलं की २.७ ही प्रयोगशाखा काढायचीच नाही. नवं काम टॉरवाल्ड्स यांचे सहकारी अँड्र्यू मॉर्टन यांच्या ‘एमएम’ या चाचणीच्या शाखेत तावून-सुलाखून थेट २.६ मध्ये घ्यायचं. मार्च २००५ पासून विकसक ग्रेग क्रोह-हार्टमन आणि ख्रिस राइट फक्त दुरुस्त्यांच्या २.६.११.१ सारख्या छोट्या आवृत्त्या काढू लागले. त्याच वर्षी दोन आठवड्यांच्या ‘मर्ज विंडो’ची, म्हणजे नवं काम आत घेण्याच्या मुदतीची, घडी बसली: तेवढ्यात जे आलं ते आलं, नंतर दर रविवारी एक आरसी (चाचणीसाठीची संभाव्य आवृत्ती), बहुधा सातव्या-आठव्यापर्यंत, आणि त्यात फक्त दुरुस्त्या. राहिलं त्याने दोन-अडीच महिने थांबायचं. घाई ओसरली ती यामुळे, शिस्तीच्या उपदेशामुळे नव्हे, असं माझं मत.

क्रमांकाला मग अर्थच उरला नाही. २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० आली, तीही काही मोठा बदल नसताना. २०१९ मध्ये ४.२० नंतर ५.० का, तर हातापायांची बोटं मोजून संपली, असं टॉरवाल्ड्स यांनी सांगून टाकलं!

जुन्या आवृत्त्या सांभाळण्याचं ओझं मात्र कुणाच्या तरी डोक्यावर राहिलंच. दीर्घकाळ सांभाळायच्या काही शाखांना सहा वर्षं मिळत. २०२३ मध्ये पुढच्या शाखांसाठी ती मुदत दोनवर आणत असल्याचं जाहीर झालं. वीज, रेल्वे अशा दशकानुदशकं चालणाऱ्या यंत्रणांना ते पुरणारं नाही, म्हणून ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा वेगळा प्रकल्प निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षं सांभाळतो.