तिरकं धरलं की दिसतं

शाळेत कागदाखाली चुंबक धरून वर लोहकीस भुरभुरवायचा आणि कागदाला हलकी टिचकी मारायची. कीस आपोआप रेघा धरून उभा राहायचा. १९३१ मध्ये फ्रान्सिस बिटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने जवळजवळ हेच केलं. फक्त त्याची पूड कितीतरी बारीक होती आणि ती त्याने घासून चकचकीत केलेल्या चुंबकीय धातूवर पसरली. पूड ठरावीक रेषांवर गोळा झाली. चुंबकाच्या पोटात वेगवेगळ्या दिशांचे छोटे छोटे प्रदेश असतात हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येअर वाइसने १९०७ मध्ये तर्काने मांडलं होतं. त्यांच्या सीमा आता डोळ्यांना दिसल्या.

चुंबकत्वाला रंग नसतो, त्यामुळे ते कधीच थेट दिसत नाही. पूड, इलेक्ट्रॉन, क्ष-किरण असं काहीतरी त्याच्याजवळ न्यायचं आणि त्यांचं काय होतं ते पाहायचं. असा प्रत्येक साक्षीदार अर्धंच सांगतो. धातूच्या पातळ थरांतल्या स्किर्मिऑनच्या, म्हणजे चुंबकत्वाच्या इवल्या गाठींच्या, बाबतीत हे फार स्पष्टपणे कळतं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

हे थर किती पातळ? कोबाल्टचा थर बरेचदा एक नॅनोमीटरचा, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या उंचीचा असतो. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. निर्वात पेटीत प्लॅटिनमच्या चकतीवर आर्गॉनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आदळवतात. उडालेले अणू समोरच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसतात. मग चकती बदलून कोबाल्ट, पुन्हा प्लॅटिनम किंवा दुसरा एखादा धातू. याला स्पटरिंग म्हणतात.

कोबाल्टचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. ते मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे, म्हणजे त्याच्या एका अंगभूत गुणधर्मामुळे तयार होतं; बाणासारखी स्पिनलाही दिशा असते. शेजारी शेजारी असलेल्या स्पिनना एकाच दिशेला तोंड करायला आवडतं. पण खाली प्लॅटिनमसारखा जड धातू असला की तो त्यांना एकमेकांपासून किंचित कलायला लावतो. या ओढाताणीतून कधीकधी एक गोल रचना जन्मते: मधला स्पिन खाली, बाहेरचे सगळे वर, आणि मधल्या पट्ट्यातले हळूहळू वळत गेलेले. हाच स्किर्मिऑन. टोनी स्कर्म या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अणुकेंद्रातल्या कणांसाठी अशा गाठींची कल्पना केली होती, तिच्यावरून हे नाव पडलं.

मधल्या पट्ट्यातले स्पिन दोन तऱ्हांनी वळू शकतात. एक तऱ्हा बाळाच्या डोक्यावरच्या भोवऱ्यासारखी, म्हणजे केंद्राभोवती गोल गोल. तिला ब्लॉख प्रकार म्हणतात. दुसरी झेंडूच्या पाकळ्यांसारखी, केंद्रापासून थेट बाहेर किंवा थेट आत. तो नेएल प्रकार. कितीही तेल चोपडून विंचरलं तरी डोक्यावरचा भोवरा जात नाही. दोन्ही स्किर्मिऑन तसेच चिवट असतात. ते मोडायचे तर दिशांची सलगता कुठेतरी तोडावी लागते.

अशा रचना चुंबकात टिकू शकतील हे बोग्दानोव्ह आणि याब्लोन्स्की यांनी १९८९ मध्येच गणिताने दाखवलं होतं. पुरावा मिळायला वीस वर्षं गेली. २००९ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी मँगनीज सिलिसाइडच्या अतिथंड स्फटिकातून न्यूट्रॉन सोडले, तेव्हा पडद्यावर षट्कोनात सहा ठिपके उमटले. आत काहीतरी मधमाशांच्या पोळ्यासारखं मांडलेलं आहे, एवढं त्यावरून कळत होतं. पण ते ठिपक्यांवरून बांधलेलं अनुमान होतं, छायाचित्र नव्हतं. छायाचित्र पुढच्या वर्षी जपानमध्ये मिळालं. शिउझेन यू, योशिनोरी तोकुरा आणि सहकाऱ्यांनी लोह, कोबाल्ट आणि सिलिकॉनच्या मिश्रणाची पातळ चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि सुमारे ९० नॅनोमीटरचे भोवरे ओळीने मांडलेले दिसले.

या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते: चित्र नीट फोकस केलं तर काहीच दिसत नाही. नमुन्यातून आरपार जाणारा इलेक्ट्रॉन तिथल्या चुंबकत्वामुळे जरासा वळतो, पण नेमक्या फोकसमध्ये सगळे वळलेले इलेक्ट्रॉन पुन्हा जागच्या जागी येतात. म्हणून मुद्दाम फोकस बिघडवायचा. भोवरा मग भिंगासारखा वागतो. इलेक्ट्रॉन मध्यभागी गोळा होतात आणि पांढरा ठिपका दिसतो. फोकस दुसऱ्या बाजूला बिघडवला की तोच ठिपका काळा होतो. ठिपका धुळीचा कण नसून चुंबकीय आहे, ही खात्री या अदलाबदलीतूनच होते.

आता झेंडू घ्या. पाकळ्या बाहेरच्या दिशेला असल्या की इलेक्ट्रॉन आत किंवा बाहेर न वळता केंद्राभोवती आडवे सरकतात. कुठे गर्दी नाही, कुठे टंचाई नाही. चित्र कोरंच राहतं. आणि कोबाल्ट-प्लॅटिनमसारख्या थरांत नेमका हाच प्रकार असतो! उपाय साधा आहे: नमुना वीस-तीस अंशांनी कलता करायचा. मग वर-खाली उभे असलेले स्पिनही इलेक्ट्रॉनला थोडे आडवे लागतात आणि प्रत्येक स्किर्मिऑन अर्धा उजळ, अर्धा काळा असा उमटतो. २०१७ मध्ये सिंगापूरच्या गटाने कोबाल्ट-पॅलेडियमच्या थरांत असंच दाखवलं. कोऱ्या चित्रावरून ‘इथे काही नाही’ असं लिहून टाकणं किती सोपं होतं, हा विचार मनातून जात नाही.

क्ष-किरणांची साक्ष वेगळी. सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या मोठ्या यंत्रातून, डावीकडे आणि उजवीकडे फिरणारे, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित किरण मिळतात. कोबाल्ट ते सुमारे ७७८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला जोरात शोषतो, आणि स्पिन कुठे वळलाय त्यानुसार एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. दोन चित्रांची वजाबाकी केली की चुंबकत्व उरतं, तेही फक्त कोबाल्टचं. पण किरण सरळ वरून आले तर फक्त वर-खाली कळतं, भोवरा की झेंडू ते नाही. त्यासाठी किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून सोडावे लागतात. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गटाने २०१६ मध्ये तसं करून, सामान्य तापमानाला, पाकळ्यांची दिशा ओळखली.

चुंबकीय सुई थरावरून फिरवणं त्यामानाने स्वस्त आणि सोयीचं. मात्र सुई स्वतःच चुंबक असल्याने ती कधीकधी स्किर्मिऑनला ढकलते किंवा पुसूनही टाकते. हॅम्बुर्गमध्ये मात्र वेगळ्या प्रकारच्या सुईने हे मुद्दाम केलं गेलं. २०१३ मध्ये तिथे इरिडियमवरच्या पॅलेडियम-लोहाच्या थरात, द्रवरूप हेलियमच्या थंडीत, सुईतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने काही नॅनोमीटरचे स्किर्मिऑन एकेक करून लिहिले आणि पुसले. संगणकातली माहिती साठवण्यासाठी त्यांचा विचार होतो, त्याला असं लिहिता-पुसता येणं हे एक कारण आहे.

साठवणुकीसाठी ते धावायलाही हवेत. २०१६ मध्ये अशा थरांत विजेच्या झटक्यांनी स्किर्मिऑन सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने पळवले गेले. या वेगात १०० नॅनोमीटरचा स्किर्मिऑन एका नॅनोसेकंदात आपल्याच लांबीइतका पुढे जातो. एवढ्या वेळात क्ष-किरणांनी पुरेसा उजेड पडत नाही, म्हणून तीच हालचाल कोट्यवधी वेळा घडवून तिची चित्रं एकावर एक रचतात. दर वेळी अगदी त्याच वाटेने गेलेला स्किर्मिऑन स्पष्ट येतो. थरातल्या एखाद्या खाचेपाशी क्षणभर अडखळून बाजूने सटकलेला या चित्रात धूसर डाग होऊन राहतो.