इंदूरमध्ये फौती नामांतरण: तहसीलला काय होतं, सिव्हिल कोर्टात काय

वडील गेले, सांवेर नाहीतर देपालपूरकडे त्यांच्या नावची शेती आहे, तर पहिलं काम फौती नामांतरण, म्हणजे मयताच्या जागी सरकारी रेकॉर्डवर वारसांची नावं चढवणं. अर्ज कुठलाही कायदेशीर वारस करू शकतो, सगळ्यांनी मिळून केला तर पुढची कटकट वाचते. मृत्यूचा दाखला, खसरा आणि बी-वनची (जमिनीच्या सरकारी नोंदींची) ताजी नक्कल, सगळ्या वारसांची वंशावळ, शपथपत्र, प्रत्येकाचं आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), मृत्युपत्र असेल तर तेही, एवढं जमवा आणि आरसीएमएस या महसूल केसेसच्या पोर्टलवर किंवा लोकसेवा केंद्रातून ज्या तहसीलची जमीन तिथे टाका.

बहिणींची नावं गाळायची नाहीत हां! वारस कोण हे पर्सनल लॉ (आपल्या धर्माप्रमाणे लागणारा वारसा कायदा) ठरवतो, पटवारी नाही. एखादीला हिस्सा खरंच नको असेल तर रजिस्टर्ड हक्कत्याग करून घ्या, साध्या स्टॅम्प पेपरवरची सही पुढे उपयोगी पडत नाही.

मग केस नोंदते, इश्तिहार (जाहीर सूचना) निघतो, पटवारी रिपोर्ट देतो, कोणाची हरकत आली नाही तर 30 दिवसांत ऑर्डर व्हायला पाहिजे आणि वाद असेल तर 5 महिन्यांत, मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 110 मध्ये तसं आहे, प्रत्यक्षात विचारत राहावं लागतं.

आता खरी गडबड इथे होते. काका म्हणतात मृत्युपत्र खोटं आहे, आणि आपण तहसीलदारासमोर तारखांवर तारखा घेत बसतो. तहसीलदाराकडे रेव्हेन्यू कोर्टाचा दर्जा आहे हे खरं, पण जमीन कोणाची हे ठरवणं त्याचं काम नाही, तो फक्त रेकॉर्ड नीट करतो. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्याच एका केसमध्ये हेच सांगितलं, की नामांतरणाने मालकी मिळत नाही, मृत्युपत्रावर वाद असेल तर सिव्हिल कोर्टात जा.

महसूल आणि न्याय यांच्या कामाची ही विभागणी जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमध्ये 1772 ला वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी अदालतही कलेक्टरच्याच हातात दिली होती, म्हणजे शेतसारा वसूल करणारा तोच आणि साऱ्याच्या तक्रारीवर निकाल देणाराही तोच, मग शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये कलेक्टरचे न्यायाचे अधिकार काढून जिल्हा जजकडे दिले. पुढे बेंटिंकच्या काळात मॅजिस्ट्रेटचं काम परत कलेक्टरकडे आलं आणि ते पक्कं वेगळं व्हायला एप्रिल 1974 उजाडला, न्यायपालिका सरकारी कारभारापासून वेगळी ठेवा म्हणणारं कलम 50 संविधानात आधीपासून असूनही. आपल्याकडे होळकरांचं राज्य, तिथे बंगालचे रेग्युलेशन लागू नव्हते, पण आजच्या मोती तबेल्याच्या कलेक्टर ऑफिसात आणि जिल्हा कोर्टात कामाची विभागणी त्याच धाटणीची आहे.

बटवाऱ्यालाही, म्हणजे वारसांत जमीन वाटून घ्यायलाही, हेच. त्याच संहितेच्या कलम 178 खाली अर्ज तहसीलदाराकडेच, पण कोणी मालकीचा प्रश्न काढला तर तो 3 महिने कार्यवाही थांबवतो, तेवढ्यात सिव्हिल सूट टाकायचा. वकील आधीच बघून ठेवा, 3 महिने असेच जातात.

तहसीलदाराची ऑर्डर पटली नाही तर अपील एसडीओकडे (तहसीलदाराच्या वरचा महसूल अधिकारी), मुदत असते, म्हणून ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी त्याच दिवशी मागा. शहरातल्या घराचं नाव बदलायला नगर निगम, आणि वडिलांची एफडी-शेअर्स नॉमिनीशिवाय अडकली असतील तर सक्सेशन सर्टिफिकेट कोर्टातूनच, तहसीलच्या वारस दाखल्यावर भागेल असं धरून चालू नका.