हळदीचा कागद आणि खिडकीची जागा

लोणारला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी सोबत हळदीचे कागद न्यावेत. टिपकागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा आणि पट्ट्या कापायच्या, एवढंच काम. विवराच्या काठाशी बारमाही वाहणारी धार आहे. तिथल्या गोड्या पाण्यात पट्टी बुडवली तर ती पिवळीच राहते. मग झाडीतून खाली उतरून सरोवराच्या पाण्यात दुसरी पट्टी बुडवा, ती बघता बघता लालसर तपकिरी होते. हे पाणी खारट तर आहेच, शिवाय चांगलंच अल्कधर्मी आहे. त्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास जातो, साध्या पाण्याचा 7 च्या आसपास असतो. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हे कोडं अशा वेळी परस्पर सुटतं.

आता कुणी म्हणेल, हे वर्गातही करता येतं की. चिमूटभर धुण्याचा सोडा आणि एक बशी पुरते. मग एसटी ठरवा, संमतीपत्रं गोळा करा, गाडी लागणाऱ्या मुलांसाठी पिशव्या घ्या, हा आटापिटा कशाला?

याचं एक उत्तर अर्जेंटिनातल्या प्राथमिक शाळांमधून आलं आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली. काही वर्गांना त्या गोष्टीच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर विज्ञानाचा नाहीतर संगीताचा एक अगदी वेगळाच, अनपेक्षित तास मिळाला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा या मुलांना गोष्टीतले तपशील इतरांपेक्षा जास्त आठवत होते. गंमत म्हणजे त्या तासाचा आणि गोष्टीचा काडीचाही संबंध नव्हता. दोहोंत चार तासांचं अंतर पडलं, तर मात्र फायदा नाही. आणि त्या तासात काय असणार हे मुलांना आधीच परिचयाचं असेल, तरीही नाही.

यामागची कल्पना आधी उंदरांवरच्या प्रयोगांतून आली होती. काही नवं कळलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्याचा ठसा उमटतो, पण तो कच्चा असतो. तो पक्का व्हायला पेशींना ताजी प्रथिनं बनवावी लागतात. रोजच्या साध्यासुध्या घटनेसाठी मेंदू एवढी तसदी घेत नाही. अनोळखी जागा दिसली की घेतो, डोपामिन हे रसायन स्रवतं, प्रथिनं तयार होतात, आणि त्या सुमारास उमटलेले आजूबाजूचे कच्चे ठसेही त्यातच पक्के होऊन जातात.

म्हणजे लोणारच्या कड्यावरून पहिल्यांदा खाली पाहिलं, त्याच्या मागचापुढचा तासभर शिक्षकांच्या दृष्टीने मोलाचा. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि 150 मीटर खोल खड्डा, तोही आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये. अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेली विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि चंद्रावरच्या खड्ड्यांशी तुलना करायला ती फार उपयोगी पडतात. वयाचा वाद तर मुलांना हमखास आवडतो. आधीच्या मोजमापात विवराचं वय सुमारे 50 हजार वर्षं निघालं होतं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढून, ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. एकाच खड्ड्याची दोन उत्तरं, आणि त्यांत दसपटीहून जास्त फरक! पाठ्यपुस्तकात अशी भांडणं सहसा छापत नाहीत.

पण नवलाईची दुसरी बाजूही आहे. जागा फारच अनोळखी असली की मुलांचं लक्ष शिकण्यावर राहत नाही, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1970 च्या दशकातच दाखवलं होतं. पुढे इस्रायलमध्ये भूगर्भशास्त्राच्या सहलींचा अभ्यास करणाऱ्यांनी ही नवलाई तीन भागांत मांडली: विषय नवा, जागा नवी आणि दिवस कसा जाणार हेही ठाऊक नाही. या तिन्हींची तयारी ज्यांच्याकडून आधी करून घेतली होती, ती मुलं सहलीत लक्षणीयरीत्या जास्त शिकली. मला यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते फुकट आहे आणि तेच आपण करत नाही. डबा किती वाजता सोडायचा, किती चालायचं आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहून टाकावं. स्वच्छतागृहाच्या काळजीत उभ्या असलेल्या मुलीला आर्गॉन काय सांगणार?

विषयाच्या तयारीचं एक उदाहरण देतो. लोणारला दोऱ्याला बांधलेलं चुंबक मातीतून फिरवून दाखवतात. त्याला काळे कण चिकटतात आणि 'हे बघा, उल्केचं लोखंड' असं ऐकायला मिळतं. मुलं थक्क होतात. खरं तर बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज मुळातच असतं. तुमच्या गावच्या ओढ्यातल्या वाळूतून चुंबक फिरवलं तरी असेच कण मिळतील. आधी ते करून आलेली मुलं तिथे नुसती माना डोलावत नाहीत, प्रश्न विचारतात.

आता सहलीचा दुसरा फायदा, मैत्री. हंगेरीतल्या ग्रामीण शाळांमध्ये संशोधकांनी मुलांच्या बाकांवरच्या जागा चक्क सोडत काढून ठरवल्या. प्रयोगात जवळजवळ 3,000 मुलं होती. शेजारी बसलेल्या दोघांनी सत्राअखेर एकमेकांना जवळचे मित्र म्हणण्याची शक्यता 15 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर गेली. स्वभावाने, मार्कांनी, घरच्या परिस्थितीने वेगळ्या असलेल्या जोड्यांमध्येही शेजाराचा परिणाम दिसला, जरा कमी एवढंच. अमेरिकेत कॅन्ससमधल्या 2018 च्या अभ्यासात तोंडओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात असं दिसलं, घट्ट मैत्रीला 200 हून जास्त. ती माणसं मोठी होती, तेव्हा हे आकडे शाळकरी पोरांना जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यातली एक गोष्ट पटते: कामाच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने शेजारी असणं फारसं धरलं जात नाही, रिकामा वेळ धरला जातो. शाळेत असा वेळ मिळतो किती? मधल्या सुट्टीपुरता. दोन मुक्कामांच्या सहलीत भेंड्या, पंगत आणि रात्रीची कुजबुज धरून तो दिवसच्या दिवस मिळतो.

या हिशेबात वॉटर पार्कची सहलही कमी पडत नाही, हे कबूल करायला हवं. मात्र कुठेही गेलात तरी बसमध्ये 'ज्याला जिथे हवं तिथे बसा' म्हटलं की जुनीच टोळकी मागच्या सीटवर जमतात, आणि वर्गात नवीन आलेला मुलगा सरांच्या शेजारी. चिठ्ठ्या टाकाव्यात. तक्रारी येतील, पहिल्या घाटापर्यंत चालतील. परतीलाही त्याच जोड्या ठेवाव्यात. खिडकी तेवढी आलटून पालटून.