ठिसूळ हाडांचा आजार असेल तर श्वासाकडं पण बघा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. आमचं दुकान लातूरला, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजन मशीन, बायपॅप (मास्क लावून श्वासाला मदत करणारं मशीन) हे सगळं आम्ही विकतो पण आणि भाड्यानं पण देतो, धाराशिव, बीड, नांदेडकडनं सुद्धा लोक येतात. त्यात ठिसूळ हाडांच्या आजाराची, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा किंवा नुसतं ओआय म्हणतात त्याची, काही कुटुंबं आहेत. आजार दुर्मिळ, साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागं एक, त्यामुळं अख्ख्या तालुक्यात दुसरं कोणी भेटत नाही आणि विचारायचं कोणाला हा प्रश्न पडतो. व्हीलचेअर न्यायला आलेल्या घरच्यांशी हाडांवर भरपूर बोलणं होतं, फ्रॅक्चर किती झाले, रॉड कुठं टाकला, सगळं तोंडपाठ असतं. श्वासाचं विचारलं की म्हणतात, "दम लागतो थोडा, पण ते चालायचंच."

ते चालायचं नाही. ओआय असलेल्या माणसांच्या मृत्यूची कारणं बघितली तर सगळ्यात पुढं श्वसनाचा त्रास आणि न्यूमोनिया येतो, फ्रॅक्चर नाही. घाबरवायला सांगत नाही, वेळेत कळलं तर यातलं बरंच सांभाळता येतं म्हणून सांगतोय.

फुप्फुसांना काय होतं तर दोन बाजूनी मार बसतो. एक बाहेरून. पाठीचे मणके दबतात, पाठीला बाक येतो, बरगड्या मोडून वाकड्या जुळतात, छातीचा पिंजरा लहान होतो आणि आत फुप्फुसाला फुगायला जागाच राहत नाही. मणका वाकण्याचा कोन 60 अंशाच्या पुढं गेला की फुप्फुसाची ताकद लई कमी होते, म्हणून पाठीच्या एक्सरेवर डॉक्टरांनी किती अंश लिहिलंय ते विचारून घ्या आणि कागद जपून ठेवा. दुसरं आतून. या आजारात टाईप 1 कोलॅजन नावाचं प्रथिन नीट बनत नाही, किंवा कमी बनतं, आणि ते काय नुसतं हाडातच नसतं, फुप्फुसात पण असतं. त्यामुळं पाठ सरळ आहे, आजार सौम्य आहे, चालतोय फिरतोय, अशा माणसाचं फुप्फुस पण कमी निघू शकतं. आमच्या लेकराला कुबड नाही म्हणजे काळजी नाही, असं धरून चालू नका.

मग कळायचं कसं? स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. पाच-सहा वर्षांचं लेकरू शिकवलं की करतं. तब्येत चांगली असतानाच पहिली करायची आणि मग साधारण वर्षाला एकदा, म्हणजे पुढं आजारी पडल्यावर तुलना करायला काहीतरी हातात असतं. लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं, संभाजीनगरची घाटी, आपल्याला जे जवळ पडेल तिथल्या छातीच्या ओपीडीत विचारा.

इथं एक गोष्ट नीट वाचा. रिपोर्टमधले टक्के, म्हणजे तेवढ्याच उंचीच्या निरोगी माणसाच्या मानानं आपलं फुप्फुस किती चालतं ते, उंचीवरून काढतात. ओआयमध्ये उंची कमी असते, मणके दबून अजून कमी होते, मग मशीन समजतं की एवढ्याशा माणसाला एवढीच हवा लागणार आणि टक्के खरे असतात त्यापेक्षा चांगले दाखवतं. उंचीऐवजी हात पसरून माप घेतात, पण हाताची हाडं वाकडी असली तर ते पण चुकतं. म्हणून मोठ्या माणसानं नुसत्या टक्क्यावर जाऊ नये, लिटरचा आकडा, म्हणजे एका फुंकरीत किती हवा बाहेर पडली ते, बघावा आणि मागच्या वर्षीच्या आपल्याच लिटरशी लावून बघावा. मागं 1.6 लिटर होतं आणि आता 1.3 झालं तर टक्के काही का असेनात, डॉक्टरांना दाखवा.

झोपेतलं पण लक्षात ठेवा. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, रात्री घोरणं किंवा मधेच श्वास थांबल्यासारखा वाटणं, रात्र झोपून पण दिवसा पेंगणं, लेकरू शाळेत डुलक्या घेणं, उताणं झोपलं की गुदमरणं. ही लक्षणं लोक अशक्तपणावर ढकलतात आणि टॉनिक आणतात. रात्री श्वास उथळ पडून कार्बन डायऑक्साईड साचत असेल तर असंच होतं, आणि ते झोपेच्या तपासणीत आणि रक्तातल्या गॅसच्या तपासणीत म्हणजे एबीजीत कळतं.

यावरूनच आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फोन येतो, "दादा, ऑक्सिजन मशीन पाठवून द्या, ऑक्सिजन 88 दाखवतंय." घरी मशीन लावलं, बोटावरचा आकडा 96 झाला, सगळे निवांत. पण बोटावरचं ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साईड दाखवतच नाही. ज्याचा श्वासच उथळ आहे त्याला नुसता ऑक्सिजन दिला तर आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साईड चढत जातो, माणूस सुस्त होत जातो, घरच्यांना वाटतं चला बरं वाटतंय, झोपलाय. अशा माणसाला बहुतेक वेळा बायपॅप लागतं, जे हवा दाबानं आत ढकलून श्वास मोठा करतं. कोणाला काय आणि किती प्रेशरवर हे छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. म्हणून ओआयच्या पेशंटला चिठ्ठीशिवाय आम्ही ऑक्सिजन मशीन देत नाही, राग मानू नका. आकडा एवढा खाली आला असेल तर मशीनची वाट बघत घरी थांबायचं पण नाही, आधी दवाखाना.

बायपॅप घेतलं की मास्कचा प्रश्न येतो. ओआयमध्ये बऱ्याच जणांचा चेहरा त्रिकोणी, कपाळ पुढं, हनुवटी बारीक, त्यामुळं मोठ्या माणसाला सुद्धा कधी कधी लहान मुलांचा मास्क बसतो. हवा लीक होते म्हणून पट्टे आवळत सुटू नका, चेहऱ्यावर वळ उठतात आणि नाकाच्या हाडावर जखम होते. पेशंटला आडवं करून, मशीन चालू ठेवून मास्क बसवून बघायचा, बसून चांगला बसलेला मास्क झोपल्यावर सरकतो.

पाण्याचं. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या मशीनच्या टाकीत, बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं पाणी जड, महिन्याभरात तळाच्या प्लेटवर पांढरा थर बसतो आणि मशीन गरम होईना म्हणून परत येतं. डिस्टिल्ड वॉटर वापरा, रोज बदला. फिल्टर आठवड्याला बघा, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात आणि उन्हाळ्यात वावटळी सुटल्यावर दोन-तीन दिवसांनीच बघा, काळाकुट्ट झालेला असतो. लाईटचं तर तुम्हाला सांगायलाच नको. बायपॅपला वीज कमी लागते, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर चांगल्या बॅटरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर रात्र निघते, पण पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण 300 ते 400 वॅट ओढतं, तेवढ्यावर रात्रभर भरवसा ठेवू नका, सिलेंडर भरलेला ठेवा.

कफ झाला की पाठीवर थापट्या मारायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे, फिजिओवाले पण करतात. ओआयमध्ये करायचं नाही, बरगडी मोडते. कंपन करणारं जॅकेट पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याऐवजी खोल श्वास, थोडं थांबणं, मग आरशावर वाफ धरावी तसं तोंड उघडून हा करून हवा सोडणं, असं फिजिओथेरपिस्टकडनं शिकून घ्या. कपालभातीसारखे झटक्याचे प्रकार मनानं सुरू करू नका. हरिपाठ, भजन मोठ्यानं म्हणणं मात्र छान, लांब ओळ एका दमात म्हणायची म्हणजे श्वासाला व्यायाम होतो आणि लेकरू कंटाळत पण नाही.

बरगडी मोडलीच तर छातीला घट्ट पट्टा बांधू नका आणि हाडवैद्याकडं चोळायला तर अजिबात नेऊ नका. दुखतंय म्हणून लेकरू श्वास छोटा घेतं, खोकत नाही, कफ आत साचतो आणि आठवड्यात न्यूमोनिया. त्यामुळं दुखायचं औषध डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं वेळेवर द्या, सहन कर म्हणू नका. प्लास्टरमध्ये असेल तर दिवसातून जितक्या वेळा जमेल तितकं टेकून बसवा. रॉडचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना श्वासाचे रिपोर्ट आधी दाखवा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नाही.

लसी: फ्लूची दरवर्षी. न्यूमोनियाची पीसीव्ही बाळांना सरकारी दवाखान्यात फुकट, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला. मोठ्यांना विकत घ्यावी लागते, डॉक्टरांशी बोला. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या जळत असतील तर त्या खोलीत पेशंटची बाज नको, आणि घरात बिडी-सिगारेट कोणीच ओढायची नाही, पाहुणे आले तरी.

ओठ निळे पडले, एक वाक्य पूर्ण बोलता येईना, श्वास घेताना बरगड्यांच्या मधे खड्डे पडायला लागले, किंवा माणूस बरळायला लागला, उठवून पण उठेना, तर आम्हाला फोन करू नका, 108 ला करा आणि बायपॅप असेल तर सोबत घेऊन जा.

दुकानात येताना स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट, एबीजी झाली असेल तर ती, पाठीचा एक्सरे आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. शक्य असेल तर पेशंटला पण आणा, मास्क बसवून बघायला वेळ लागतो, म्हणून दुपारी गर्दी नसते तेव्हा या. आणणं जमत नसेल, फ्रॅक्चर असेल तर सांगा, आम्ही मास्कचे दोन-तीन साईज घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.