बाटली कुठे आणि केव्हा बुडवायची?

उन्हाळ्यात उजनी धरणाचा फुगवटा हिरवागार होतो. अशा पाण्याचा नमुना दुपारी दोनला घेतलात तर त्यातल्या ऑक्सिजनचा आकडा बघून हुरळून जाल. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे पाण्यात एरवी मावतो त्याहूनही जास्त ऑक्सिजन सापडू शकतो. त्याच जागी पहाटे पाचला या. रात्रभर शेवाळाने काही दिलेलं नसतं, उलट श्वासासाठी ओढूनच घेतलेलं असतं. मासे गुदमरतात ते बहुतेक याच वेळी. नमुने गोळा करणारी गाडी मात्र ऑफिस उघडल्यावर निघते.

आधीच पाण्यात ऑक्सिजन फार मावत नाही. २० अंशांना लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. माशांसाठी निदान ४ हवा, असं आपल्याकडचा निकष सांगतो. म्हणजे उन्हाळ्यात नदीच्या हाताशी शिल्लक अशी फारशी नसतेच.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायची १८८८ची विंकलर पद्धत आजही वापरात आहे, आणि बघायला देखणी आहे. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. साका पांढराच राहिला, तर समजायचं की नदीचा श्वास संपलाय. पुढे आम्ल घालून तो विरघळवायचा आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचनळीतून, थायोसल्फेटचे थेंब मोजायचे; जितके थेंब लागले तितका ऑक्सिजन. शेवटी घातलेल्या स्टार्चचा निळा रंग एका थेंबात उडून जातो.

आता जागेचं बघू. नाला जिथे नदीला मिळतो तिथेच पाणी सगळ्यात वाईट असणार, असं कुणालाही वाटेल. दिसायला असतंही. पण जिवाणूंना सांडपाण्याचा फडशा पाडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात नदी पुढे निघून गेलेली असते. एकीकडे जिवाणू ऑक्सिजन खातात, दुसरीकडे हवेतून तो हळूहळू परत मिसळतो. या दोन वेगांची ओढाताण अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५मध्ये समीकरणात बसवली. आलेखावर ऑक्सिजनची रेषा झोळीसारखी खाली जाते आणि पुन्हा वर येते. समजा, नदी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहतेय आणि झोळीचा तळ दोन दिवसांनी येतो. मग सगळ्यात वाईट जागा नाल्यापासून पन्नासेक किलोमीटर खाली निघते. पाप शहराचं आणि भोगायचं खालच्या गावाने. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, तेव्हा शहराच्या पुलावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी घेतलेला नमुनाही असाच फसवा. पाणी कोसळताना हवा मिसळते, म्हणून तो आकडा नदीपेक्षा बंधाऱ्याचीच तारीफ जास्त करतो.

माझ्या मते स्ट्रीटर-फेल्प्ससारख्या मॉडेलचा खरा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा, बाटली कुठे बुडवायची हे सांगण्यात आहे. मात्र जुन्या समीकरणाची एक गंमत आहे. सांडपाणी फारच झालं तर ते बिनदिक्कत ऋण ऑक्सिजन दाखवतं. प्रत्यक्षात नदी शून्याखाली जात नाही. शून्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास सुटतो.