सेट (इंग्रजी शब्द)

सेट : इंग्रजीतील अतिशय अनेकार्थी शब्द. क्रियापद, नाम आणि विशेषण या तिन्ही रूपांत तो चालतो. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. तिच्यात ४३० हून अधिक अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर होता. पहिल्या आवृत्तीत ‘एस’ अक्षराचा हा भाग हेन्री ब्रॅडली यांनी संपादित केला होता. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासताना आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि शेवटी ‘रन’ या क्रियापदांचा विस्तार वाढत गेला. ‘रन’चे क्रियापद म्हणूनच सुमारे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि सेटचा पहिला क्रमांक गेला. उपअर्थ व वाक्प्रचार वेगळे धरायचे की मूळ अर्थातच मोजायचे, यावर ही संख्या बदलते. त्यामुळे असे आकडे एकाच कोशाच्या आत तुलनेपुरतेच वापरावेत.

व्युत्पत्ती : आज एकाच वर्णावलीने लिहिला जाणारा हा शब्द दोन निराळ्या मुळांतून आलेला आहे, असे बहुतेक कोशकार मानतात. क्रियापदाबद्दल मतभेद नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’ हे ‘सिट्टन’ (बसणे) या क्रियापदाचे प्रयोजक रूप असून त्याचा अर्थ ‘बसवणे’ असा होतो. जर्मनमधील ‘झेट्सन’ आणि गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील ‘सत्यन’ ही त्याचीच भावंडे. गॉथिक रूपात टिकलेला ‘अ’ इंग्रजीत ‘ए’ झाला, कारण पुढील अक्षरातील ‘य’कारामुळे मागचा स्वर तालव्य बनला. या सर्वांच्या मुळाशी भारोपीय (भारत-युरोपीय) ‘सेद्’ हा धातू आहे. संस्कृतात तो ‘सद्’ या रूपात आढळतो आणि संसद, परिषद, सदन, उपनिषद हे शब्द त्यापासून झाले आहेत. संस्कृत प्रयोजक ‘सादयति’ आणि इंग्रजी ‘सेट’ यांची घडण मुळात एकच आहे. मूळ धातूच्या ‘द’चा जर्मानिक शाखेत ‘ट’ होणे हेही ग्रिमच्या नियमाला, म्हणजे जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांच्या नियमाला, धरून आहे.

नामाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘ठेवण्याची क्रिया, ठेवलेली स्थिती’ या अर्थाचे नाम क्रियापदावरूनच आले. मात्र ‘एकत्र असलेल्या वस्तूंचा वा माणसांचा समूह’ या अर्थाचे नाम प्राचीन फ्रेंच ‘सेत’ या शब्दातून आले असावे. ते लॅटिन ‘सेक्ता’ म्हणजे पंथ, अनुयायांचा गट याचे रूपांतर होय. इंग्रजीत त्याचा प्रवेश सामान्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकांत धरला जातो. ‘सेक्ता’चा संबंध पूर्वी ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी, म्हणजे मुख्य समुदायातून तुटलेला गट अशा कल्पनेने, जोडला जाई. आता ‘मागोमाग जाणे’ या अर्थाचा ‘सेक्वी’ हा धातू अधिक ग्राह्य मानतात. त्याचा संस्कृत प्रतिनिधी ‘सच्’ (सोबत असणे) आहे आणि ‘सचिव’ हा शब्दही सामान्यतः त्याच्याशीच जोडला जातो. मध्ययुगीन निम्न जर्मन भाषेतील समूहवाचक ‘गेसेट्ट’ या शब्दाचाही काही प्रभाव सुचवला गेला आहे. समूहवाचक नाम फ्रेंचमधून आले, पण ‘एकत्र मांडलेले ते सेट’ अशा समजुतीने क्रियापदाने पुढे त्याचा अर्थ आपल्याकडे ओढला, हे मत पुराव्याशी अधिक जुळते. ‘टी-सेट’मधील सेट मांडलेला असतो की जुळवलेला, हे आजच्या इंग्रजी भाषकालाही सांगता येत नाही.

रूपे : भूतकाळ व भूतकालवाचक धातुसाधित दोन्ही ‘सेट’च राहतात. ‘ट’कारान्त धातूला लागणारा भूतकाळाचा प्रत्यय शेवटच्या व्यंजनात मिसळून गेल्याने असे झाले. कट, पुट, हिट, लेट, शट यांचीही आज हीच स्थिती आहे. ‘सिट’ अकर्मक व ‘सेट’ सकर्मक हा मूळ भेद सर्वत्र टिकला नाही. सूर्य मावळणे, सिमेंट घट्ट होणे, जेली धरणे या प्रयोगांत सेट अकर्मकच असतो. अप, ऑफ, आउट, इन, बॅक अशा अव्ययांच्या जोडीने होणारे प्रयोग बरेच असून त्यांतील अर्थ अव्ययावर ठरतो.

मराठीतील ‘बसवणे’ हे क्रियापद सेटच्या मूळ अर्थक्षेत्राशी चांगले जुळते. फरशी बसवणे, खडा अंगठीत बसवणे, नाटक बसवणे, घडी बसवणे या सर्वांत ‘योग्य जागी पक्के करणे’ हा अर्थ आहे. भाषांतर करताना आधी हे क्रियापद लावून पाहावे. ते बसत नसेल तर बहुधा समूहवाचक नाम असते आणि तिथे संच, जोडी किंवा मालिका यांपैकी शब्द निवडावा लागतो.

सिमेंटचे सेट होणे : बांधकामात सेट होणे म्हणजे ओल्या सिमेंटचा मऊपणा जाऊन त्याला आकार धरता येणे. घट्ट होऊन ताकद येणे ही त्यापुढची, अनेक दिवस चालणारी क्रिया आहे. चाचणी व्हिका उपकरणाने करतात. त्याला लुई व्हिका या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. भारतीय मानक ४०३१ च्या पाचव्या भागानुसार, लगदा ठरावीक प्रमाण घट्टपणाचा होण्यासाठी लागणाऱ्या पाण्याच्या ०.८५ पट पाणी घालून लगदा करतात आणि तो ४० मिमी उंचीच्या साच्यात भरतात. १ चौरस मिमी छेदाची सुई तळापासून सुमारे ५ मिमीवर अडली की आरंभीचा सेट झाला. सुईचा ठसा उमटतो पण तिच्याभोवतीच्या कड्याचा उमटत नाही, तेव्हा अंतिम सेट झाला. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी पहिला काळ ३० मिनिटांपेक्षा कमी आणि दुसरा ६०० मिनिटांपेक्षा जास्त असू नये.

सिमेंट दळताना घातलेला जिप्सम सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट या संयुगाची पाण्याशी होणारी जलद क्रिया रोखतो. तो कमी पडला तर पाणी घालताच उष्णता सुटून लगदा आवळतो. हा ‘फ्लॅश सेट’ पुन्हा ढवळून सुटत नाही. ‘फॉल्स सेट’ वेगळा. दळताना गिरणी फार तापली की जिप्सममधील पाणी उडते. पुढे ओल्या लगद्यात हा कोरडा झालेला भाग पाणी घेऊन पुन्हा जिप्सम बनतो आणि माल ताठरतो, उष्णता मात्र फारशी सुटत नाही. अशा वेळी पाणी न वाढवता पुन्हा ढवळले तर माल पूर्ववत होतो. कामाच्या जागी या दोहोंत गल्लत होऊन ‘माल सेट झाला’ म्हणत पाणी ओतले जाते आणि काँक्रीटची ताकद कायमची घटते.

करवतीचा सेट : करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवण्याला सुतारकामात सेट देणे म्हणतात. यामुळे पडणारी खाच पात्यापेक्षा रुंद होते आणि पाते अडकत नाही. हातकरवतीत खाच पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून अधिक नसावी. आधी दातांची टोके कानशीने एका पातळीत आणावीत, मग सेट द्यावा आणि धार शेवटी लावावी. दात वरच्या अर्ध्या उंचीपर्यंतच वाकवावा, बुडापासून वाकवल्यास तो मोडतो. ओल्या व मऊ लाकडाला सेट जास्त लागतो, वाळलेल्या कठीण लाकडाला कमी. सेट कमी पडला तर पाते घासून तापते. जास्त झाला तर काप खडबडीत येतो, भुसा वाढतो आणि हात दमतो. एका बाजूचे दात अधिक वाकलेले असतील तर काप त्या बाजूला सरकतो. वाकडा काप येऊ लागला की सुताराने हात बदलण्याआधी दात तपासावेत.

गणित : गेओर्ग कॅन्टर यांनी १८७४ पासून मांडलेल्या सिद्धांतातील जर्मन ‘मेंगं’ या संज्ञेसाठी इंग्रजीत प्रारंभी ‘अ‍ॅग्रिगेट’ हा शब्दही वापरात होता. विल्यम यंग व ग्रेस चिझम यंग यांच्या बिंदुसंचांवरील १९०६ च्या ग्रंथाच्या शीर्षकात सेट आहे. मराठीत ‘संच’ रूढ असून तो यादी पद्धतीने वा गुणधर्म पद्धतीने महिरपी कंसात लिहितात. संचात घटकांचा क्रम व पुनरावृत्ती यांना महत्त्व नसते. व्यवहारातील सेट याहून वेगळा आहे, कारण सहा कपांचा सेट म्हटल्यावर एकसारखे सहा कप मोजले जातात.

इतर उपयोग : टेनिसमध्ये किमान दोनच्या आघाडीने किमान सहा गेम जिंकणारा सेट जिंकतो. ६-६ झाल्यास टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा जादा गेम, होतो. निर्णायक सेटला पूर्वी विम्बल्डनमध्ये टायब्रेक नसल्यामुळे २०१० मध्ये जॉन इस्नर व निकोला माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत लांबला. व्हॉलीबॉलचा सेट २५ गुणांचा, पाचवा १५ गुणांचा असतो. व्यायामात एकामागून एक केलेल्या आवर्तनांचा गट म्हणजे सेट. दहा आवर्तनांचे तीन सेट ही पद्धत थॉमस डिलॉर्म यांच्या १९४० च्या दशकातील उपचारपद्धतीतून पसरली. रंगभूमी व चित्रपटातील सेट म्हणजे उभारलेले दृश्यस्थळ. मराठी रंगभूमीवर त्यासाठी नेपथ्य हा शब्द आहे. छपाईत टाइप सेट करणे म्हणजे अक्षरजुळणी.

मराठीत : दागिन्यांचा सेट, डिनर सेट, टीव्ही सेट, केस सेट करणे हे प्रयोग रुळले आहेत. ‘सेटिंग लावणे’ याचा आतून संधान बांधणे हा अर्थ भारतीय बोलींत वाढलेला आहे. महाराष्ट्र व गोव्यातील सहायक प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ हे राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षररूप आहे. ‘शेठ’ किंवा ‘सेठ’ हा शब्द संस्कृत ‘श्रेष्ठिन्’पासून आला आहे. त्याचा या नोंदीतील कोणत्याही अर्थाशी संबंध नाही.