अन्ननलिकेचा कर्करोग आणि ऑटोफॅजी मार्कर : तपासणीला येताना बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक सोबत आणावा

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांचे नातेवाईक नागपूरच्या धंतोलीतील आमच्या प्रयोगशाळेत वारंवार एकच प्रश्न विचारतात : ऑटोफॅजीची तपासणी केली, तर आजार पुढे कसा जाईल हे कळेल का? हा प्रश्न किती काळजीपोटी विचारला जातो हे आम्ही रोज पाहतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहीत आहोत.

उपासमार किंवा ताण सोसताना पेशी स्वतःचेच निकामी भाग एका पिशवीत गुंडाळून पचवते आणि त्यावर तग धरते, यालाच ऑटोफॅजी म्हणतात. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाची पेशीही उपचारांच्या माऱ्यात याच मार्गाने तगू शकते, म्हणून एलसी३, बेक्लिन-१ आणि पी६२ ही प्रथिने बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्यात, रंगवून पाहिली जातात. अशा खूण दाखवणाऱ्या प्रथिनांना मार्कर म्हणतात. परंतु एलसी३चे ठिपके जास्त दिसले, तर पिशव्या अधिक तयार होत आहेत की पचन अडल्यामुळे त्या साचल्या आहेत, हे एका तुकड्यावरून ठरवता येत नाही. पी६२ पचनात नष्ट होत असल्याने ते सोबत पाहिले की थोडा उलगडा होतो, इतकेच. या विषयावरील अभ्यासांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, किती लसिकाग्रंथी बाधित आहेत आणि आजार इतर अवयवांत पोहोचला आहे का, हेच आजही पुढच्या अंदाजाचे मुख्य आधार आहेत.

याच कारणाने ऑन्कोलॉजिस्टच्या (कर्करोगतज्ज्ञाच्या) लेखी चिठ्ठीशिवाय आम्ही ही तपासणी स्वीकारत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, पण ज्या रिपोर्टने उपचार बदलणार नाही त्यासाठी पैसे घेणे आम्हांला योग्य वाटत नाही. आजार पसरलेला असल्यास पीडी-एल१ आणि अडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींपासून झालेला कर्करोग) असल्यास हर-२ या प्रथिनांच्या तपासण्यांवरून औषध ठरू शकते. त्या आमच्याकडे होतात आणि त्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र एकाच चुकीने जातो. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळहून मंडळी रिपोर्ट आणि गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या स्लाइड घेऊन येतात, पण बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक पहिल्या प्रयोगशाळेतच राहतो. प्रत्येक मार्करसाठी ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा नवा काप घ्यावा लागतो आणि तो विशेष लेप दिलेल्या काचेवर चढवावा लागतो. रंगवलेल्या स्लाइडवर हे सारे मार्कर पाहता येत नाहीत. मग नातेवाइकांना पुन्हा गावी जावे लागते आणि आजारी माणसाचे मोलाचे दिवस वाया जातात, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. ब्लॉक मागण्यास संकोच करू नये. निघण्यापूर्वी फोन केल्यास कोणता ब्लॉक मागावा हे आम्ही रिपोर्टवरून सांगतो, आणि काम झाल्यावर उरलेला ब्लॉक नोंद करून परत देतो.

ब्लॉकच्या डबीवरील क्रमांक रिपोर्टवरील क्रमांकाशी जुळतो का, हे तिथेच तपासावे. तो कापसात गुंडाळून हातातील पिशवीत ठेवावा. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवल्यास मेण वितळू शकते.